पुन्नोन

गडचिरोलीच्या बसस्टँडवर ते रोज माझ्या बाकावर येऊन बसायचे. पोलीस कॅम्पात दुभाषी होते. धरून आणलेल्यांच्या गोंडीचं मराठी करून साहेबाला सांगायचं, एवढंच काम. बशीतला चहा पार निवेपर्यंत फुंकत राहायचे, आणि कुणी काही विचारलं की आधी म्हणायचे, "पुन्नोन." म्हणजे गोंडीत, मला माहीत नाही. सिरोंच्याची गाडी कधी लागेल विचारलं तरी तेच.

एकदा मीच बोलून गेलो, "भाऊ, त्या नक्षल्यांनी माणसं मारली. चोपल्याशिवाय कबूल होतील काय?"

ते बशीकडेच पाहत राहिले. "एक जण तीन दिवस मार खाऊन पुन्नोनच म्हणे, गुरुजी. मले पाहवलं नाई. साहेबाले म्हटलं, साथीदाराचं नाव सांगून राह्यला. अन् माह्या मेलेल्या बापाचं नाव ठोकून देलं. मार थांबला."

"बरं केलंत."

"काहाचं बरं? त्याच नावाचा एक म्हातारा धरून आणला त्याईनं."

"मग? काय म्हणाला तो?"

त्यांनी निवलेला चहा मातीत ओतला.

"पुन्नोन."

हे उत्तर म्हाताऱ्याचं की त्यांचं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.