बटण सोडा की

आमचे आवाज लांबवर पोचवणारा डिजिटल रिपीटर सोलापुरातल्या सगळ्या हौशी रेडिओवाल्यांत एकच. म्हणून एक काका रोज घसा खाकरून सुरू होतात, "थोडक्यात बोला की! मधे जागा सोडा, दुसऱ्याला बी बोलायचं असतंय." ऐकून कान किटलेत.

परवा तेच लांबले. "कुणाला सांगितलं न्हाय, आमच्या हिच्या रिपोर्टात..." एवढ्यात रिपीटरनं त्यांना तोडलं. बोलताना दाबायचं बटण फार वेळ धरून ठेवलं की तो कुणाचाही आवाज तोडतो. काकांना पत्ताच नाही. बऱ्याच वेळानं बटण सोडून म्हणाले, "मधे न बोलता सगळं ऐकून घेतलंत. लई बरं वाटलं."

"व्हय काका," मधे जागा सोडत आम्ही एकेक जण म्हणालो.

रिपोर्टात काय होतं, हे आता विचारायचं कुणी?