हॉटेलात लिहिलेलं प्रोसिडिंग

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. दुष्काळाच्या सलग दुसऱ्या वर्षी टँकरच्या गर्दीत त्या पडल्या, मनगट दुखावलं. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या मे महिन्यातला एक आठवडा तरी या बाईनं पाण्यासाठी पहाटे उठायचं नाही.

तेवढ्यात एका रिसॉर्ट कंपनीचं मांजरसुंब्याच्या एका हॉटेलात फुकट जेवणाचं बोलावणं आलं. मी अन् आमचे हे गेलो. टाय लावलेला एजंट कोकणातल्या रिसॉर्टचे फोटो दाखवत होता. एकदा पैसे भरा, दरवर्षी आठवडाभर खोली तुमची.

"मे महिन्यात मिळंल का?"

"कधीही मॅडम! समुद्रासमोरची!"

करारात मात्र त्यातलं एक अक्षर नव्हतं. म्हटलं, "मग ह्यात लिवा की." तर म्हणे, करार छापील असतो, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

आली का पंचाईत! अहो, मी दिंद्रुडच्या महिला दूध संस्थेची सचिव. आमच्यात सतरंजी आणायची तरी ठराव लागतो, आणि प्रोसिडिंगात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, नाही ते बोललंच गेलं नाही असं धरतात. पिशवीतून वही काढली अन् तिथंच लिहिलं: हजर कोण, कंपनीच्या माणसानं काय काय कबूल केलं. सूचक मी, अनुमोदक आमचे हे. मग उभी राहून खणखणीत वाचून दाखवलं. सगळ्या टेबलांवरचे घास थांबले. सही नाही केली तर बाकीची गिऱ्हाइकंही उठतील, हे एजंटला कळलं. बिचाऱ्यानं सही केली, शिक्काही मारला. मगच आम्ही करारावर सह्या केल्या.

पुढच्या एप्रिलमध्ये खोली मागितली तर कंपनी म्हणाली, मे महिना करारात बसत नाही. मी वहीची झेरॉक्स पाठवली. चार दिवस गेले. मग मोठ्या साहेबाचा फोन.

"मॅडम, तोंडी आश्वासनं कंपनी मानत नाही. करारातच तसं लिहिलंय."

"तोंडी कुठंय साहेब? लेखी हाय. सही तुमच्या माणसाची, शिक्का तुमचा. ग्राहक मंचात वाचून दाखवू का?"

संध्याकाळपर्यंत खोली पक्की. लई हसले मी! अख्ख्या संस्थेला पेढे वाटले.

रिसॉर्टमधली पहिली सकाळ. नऊ वाजले, ऊन पलंगावर आलं, तरी आत्या गाढ झोपलेल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना उजाडल्यावर झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं. चहा गार होतोय म्हणून ह्यांनी हाक मारायला तोंड उघडलं.

"खबरदार!" मी म्हटलं. "माज्या आत्याला कुणी उठवायचं न्हाई."