अठ्ठावीस वर्षं मागे राहणारा जयदेव

हेंद्रेपाड्यात जयदेव भोपीचं वय विचारायची सोय नव्हती. मिशी काळी कुळकुळीत, डोकं त्याहून काळं, आणि रविवारी सकाळी मोरीचं दार तासभर बंद. "ह्यांना साठ लागाया अजून चार वरसं हायत," असं त्याची बायको सखू शेजारणींना सांगायची. ती खोटं बोलत नव्हती. लग्नात तिला जे सांगितलं, तेच ती धरून बसली होती. खोटं कोण बोललं होतं ते गल्लीला ठाऊक होतं, पण सखूच्या हातचं खाल्लेल्या माणसांनी तोंड उघडलं नाही.

अंबरनाथ एमआयडीसीत मुकेशसेठचा व्हॉल्व्हचे सुटे भाग करायचा कारखाना. तिथल्या टाइम ऑफिसात जयदेव चाळीस वर्षं बसला. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, कोण कधी निवृत्त होणार, सगळं त्याच्या हातात. आणि त्याच्या हाताखाली एक जुनाट युनिक्स मशीन. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाही. त्याचा मुख्य, म्हणजे रूटचा पासवर्ड फक्त जयदेवला माहीत. तो टाइप करताना जयदेव असा काही पाठमोरा व्हायचा की लोकांना वाटावं, माणूस कपडे बदलतोय.

पण त्याची खरी शान होती नव्व्याण्णव सालची. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार, अशी हवा उठली होती तेव्हा जयदेवने कॅलेंडरं मांडून शोध लावला, की अठ्ठावीस वर्षं मागे गेलं की तारीख आणि वार तंतोतंत जुळतात. त्याने मशीनला सरळ एकाहत्तर सालात नेऊन बसवलं. कारखाना वाचला. तेव्हापासून ते मशीन अठ्ठावीस वर्षं मागे चालत आलं. पगाराच्या चिठ्ठीवर यायचं १९९८, त्यावर जयदेव रबरी शिक्का मारायचा २०२६. नवीन कामगार हसायचे. जुने त्यांना गप्प करायचे, "हसू नको, त्या माणसाने फॅक्टरी वाचवलीय."

ही गोष्ट जयदेवने लग्नकार्यात, बारशाला, एकदा तर मयताच्या घरीही सांगितली होती.

तर या जूनमध्ये मशीन खर्र खर्र आवाज करायला लागलं. मुकेशसेठने उल्हासनगर कॅम्प पाचहून स्वप्नालीला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं तिचं स्वतःचं दुकान, बोलणं मोजकं. तिने मशीनला कान लावला आणि म्हणाली, "काका, डिस्क जाणार. आत जे आहे ते काढून घेऊ. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर बनवते, त्यात तुमचं युनिक्स टाकू. व्हर्च्युअल मशीन म्हणतात."

"खोटा म्हणजे?"

"म्हणजे त्याला वाटतं आपण खरे आहोत."

मुकेशसेठ दारातून म्हणाला, "फिर तो हमारे जैसा ही है, साईं." सेठही काही कमी नव्हता. त्याचा पंचावन्नावा वाढदिवस कारखान्याने तीन वेळा खाल्ला होता.

स्वप्नालीने खोट्या कॉम्प्युटरला थोडी मेमरी दिली, वीस जीबीची जागा दिली, आणि युनिक्स घालायला सुरुवात केली. पडदा एकेक प्रश्न विचारू लागला: भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, डिस्कचे तुकडे कसे पाडू. जयदेव खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. ही त्याची भाषा होती. "रूटचा पासवर्ड मी टाकतो, तू तिकडे बघ." तिने तिकडे बघितलं. मग त्याने तारीख स्वतःच्या हाताने घातली: जून १९९८.

"काका, हे कशाला?"

"लांबची गोष्ट हाय," जयदेव म्हणाला, आणि ती सगळी सांगितली. स्वप्नाली ऐकत ऐकत जुन्या डिस्कवरचा हजेरीचा प्रोग्रॅम उतरवत होती. तो चालला. मुकेशसेठने पेढे मागवायची भाषा केली.

फक्त एक त्रास होता. पडदा पोस्टकार्डाएवढा, आणि माउस एकदा आत गेला की बाहेर यायला तयार नाही. "गेस्ट टूल्स घालावे लागतील," स्वप्नाली म्हणाली. "ते घातले की आतलं आणि बाहेरचं मशीन एकमेकांशी नीट वागतं." जयदेवने ऐटीत डिस्क जोडायची माउंटची कमांड स्वतः मारली, तिने बाकीचं चालवलं, मशीन बंद करून परत लावलं.

पडदा मोठा झाला. माउस मोकळा फिरू लागला. जयदेव हसला आणि त्याची नजर कोपऱ्यात गेली. तिथे साल होतं २०२६.

"तारीख... तारीख कुणी बदलली?"

"टूल्सनी. बाहेरच्या घड्याळाशी जुळवून घेतात ते."

"बंद कर. पोरी, बंद कर, सगळी हजेरी जाईल." पण प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला होता. जयदेवने डोळे मिटले. सत्तावीस वर्षं ज्या क्षणाची धास्ती होती तो हा. आता पडदा काळा होणार, कारखाना बसणार.

काही झालं नाही. हजेरी जागेवर, नावं जागेवर, ओव्हरटाइम जागेवर. स्वप्नालीने आत डोकावून पाहिलं आणि साधेपणाने सांगितलं, "काका, यात साल पहिल्यापासून चार आकडी आहे. मागे न्यायची गरजच नव्हती."

मयताच्या घरी सांगितलेली गोष्ट जयदेवला आठवली.

तेवढ्यात प्रिंटर बोलला. प्रोग्रॅमने सत्तावीस वर्षं न केलेलं काम केलं होतं: साठी उलटलेल्यांची यादी. कागद मुकेशसेठने उचलला. "नंबर सतरा. जयदेव भोपी. निवृत्ती, मे २०२४." त्याने चष्मा वर केला. "चरिया, पागल समझा है मेरे को? दो साल से बैठा है?"

मशीन मागे चालतं म्हणून चाळीसेक माणसांची निवृत्ती जयदेवने स्वतःच्या वहीत बघून वेळेवर केली होती. त्या वहीत एक नाव त्याने कधी लिहिलंच नव्हतं.

"सेठ, त्याच्या वरची ओळ पण वाचा," स्वप्नाली म्हणाली.

सेठने वाचली, मनातल्या मनात. नंबर चार, त्याचं स्वतःचं नाव. बापाने धंदा शिकायला म्हणून त्याला हजेरीवर घातलं होतं, ते नाव तसंच राहिलं होतं. निवृत्ती, २०२३. सेठचा चेहरा ताकासारखा झाला. कागदाची घडी करून त्याने खिशात टाकली, मग दार लोटून घेतलं.

"ये घड्याळ का चक्कर बंद होता है क्या?"

"एक टिक काढायची. परत अठ्ठ्याण्णव साल."

"तो निकाल दे. जयदेव, तू बैठ, जैसा बैठा है. किसी को कुछ पता नहीं."

नोकरी वाचली होती. पाच मिनिटांपूर्वी जयदेवने यासाठी सेठचे पाय धरले असते. त्याने स्वप्नालीकडे पाहिलं. तिचा हात माउसवर थांबला होता. "काका, चांगलं चालतंय की," ती हळूच म्हणाली. "आता मागे कशाला?"

"मग मी इथे काय करतो?" जयदेव म्हणाला. "चुकीच्या सालावर शिक्के मारतो?"

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. पाठमोरा झाला नाही. नंबर सतरा पडद्यावर काढला आणि नावापुढे एल टाकला, म्हणजे लेफ्ट, सोडून गेला. प्रोग्रॅमने नेहमीप्रमाणे विचारलं, खात्री आहे का, वाय की एन? इतरांच्या वेळी तो वायचं बटण न बघता दाबायचा. आज बोट तिथे बराच वेळ राहिलं. सखूला काय सांगायचं, तेही एकदम सहा वर्षं मिळवून, हे त्याला कळत नव्हतं. मग त्याने वाय दाबलं.

ओळ गेली.

मुकेशसेठ भिंतीला टेकला. "अरे, सच में निकाल दिया?"

"नंबर चार पण पडद्यावर काढून ठेवलाय, सेठ," जयदेव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "एल टाकू?"

सेठने पडद्याकडे पाहिलं, जयदेवच्या मिशीकडे पाहिलं, मग स्वप्नालीकडे.

"चाय मंगवा पहले," तो म्हणाला. "पी के बताता हूं."