कपडेपटातला पुदिना

माझ्या धाकट्या दिराला आमच्या गल्लीत 'संशोधक' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. मी त्याला समोर भावोजी म्हणते, अहो-जाहो करते. इथे लिहिताना तेवढे कष्ट घेणार नाही.

त्याचं चरित्र सांगायचं तर आधी खोल्यांचं सांगावं लागतं. आमचं घर वर आणि दुकान खाली. दुकानातून आम्ही नाटकाचे कपडे भाड्याने देतो. पुढे काउंटर आणि माणूसभर उंचीचा आरसा, मागे एक लांबलचक खोली. तिला आम्ही कपडेपट म्हणतो. राजे, शिपाई, पऱ्या, पोस्टमन, दोन अस्वलं आणि एक लांडगा तिथे दांड्यांवर लटकलेले असतात. दुकान सासऱ्यांनी उभं केलं, माझ्या नवऱ्याने चालवलं, आणि शिवण, रफू, टिकल्या, खळ, इस्त्री हे सगळं लग्न झाल्यापासून माझ्या हातून होतं. संशोधकाने काय केलं? त्याने खोल्या अडवल्या.

तरुणपणी त्याला एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. साहेबाला काही कळत नाही असा निष्कर्ष काढून त्याने ती सोडली. मग पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायला घेतली. त्यांच्या खोक्यांत वरचा व्हरांडा गेला. मग स्मरणशक्ती वाढवायचे वर्ग काढले. बाहेरच्या खोलीत फळा आला, खुर्च्या आल्या, विद्यार्थी तेवढे यायचे विसरले. त्यानंतर पाठदुखीवर लोहचुंबकाच्या गाद्या. त्या अजून माळ्यावर आहेत आणि त्यांच्या ओझ्याने माळा वाकला आहे. लग्न मात्र त्याने केलं नाही. कुठल्यातरी परक्या मुलीवर त्याने केलेला तेवढा एक उपकार.

प्रत्येक धंदा बसला की दोष दुसऱ्याचा. लोकांना समज नाही, हवा दमट आहे, वहिनींनी पाठिंबा दिला नाही. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्याच्या तोंडून घरात कुणी ऐकलेले नाहीत. आमच्या ह्यांनी तर नाहीच नाही. ह्यांचं एकच पालुपद, "जाऊ दे गं, त्याचा हेतू चांगला असतो." आईवेडा मुलगा मी पाहिला आहे, बायकोवेडा नवरा ऐकून माहीत आहे, पण भाऊवेडा माणूस माझ्याच वाट्याला यायचा होता.

तर मागच्या उन्हाळ्यात संशोधकाला झाडं सापडली. कुठल्याशा रोपवाटिकेत तो दुपारभर गप्पा मारत बसला आणि येताना हातगाडीभर कुंड्या घेऊन आला. पुदिना, गवती चहा, झेंडू, लसूण, शेवंती. काउंटरपाशी उभा राहून त्याने आम्हाला शिकवायला सुरुवात केली. पुदिन्याच्या वासाने उंदीर पळतात. गवती चहाने डास जातात. झेंडूच्या जवळ किडे फिरकत नाहीत. शेवंतीच्या एका जातीपासून तर किडे मारायचं औषधच करतात.

"हे सगळं निसर्गाने दिलंय, वहिनी. आणि तुम्ही त्या डांबराच्या गोळ्या हुंगत बसता."

मी म्हटलं, "भावोजी, वाळलेला कडुनिंबाचा पाला मी लोकरी कपड्यांत घालतेच. माझी आई घालायची. त्यावर तिने कधी भाषण केलं नाही."

"वाळलेला पाला म्हणजे मेलेलं झाड," तो म्हणाला. "जिवंत झाडाची ताकद वेगळी."

मला खरं तर तिथेच उठून कुंड्या रस्त्यावर ठेवायला हव्या होत्या. पण आमचे हे आधीच एक कुंडी उचलून कुठे ठेवू म्हणून विचारत होते. आठवड्याभरात माझे उंदरांचे चार पिंजरे गच्चीवर गेले, डांबराच्या गोळ्या कचऱ्यात गेल्या आणि कपडेपटात दांड्यांच्या खाली कुंड्यांची रांग लागली. घरातली तेवढी एक खोली त्याच्या तावडीतून सुटलेली होती, तीही गेली.

मी गप्प राहिले नाही. माझी भीती मी ह्यांना स्वच्छ सांगितली. शाळेच्या बाई दर वर्षी त्यांच्या मोठ्या नाटकासाठी सगळे कपडे आमच्याकडून नेतात. त्या एका कामावर आमचं दुकान पुढचं वर्ष काढतं. बाकी सटरफटर गिऱ्हाईक येतं नि जातं. यंदा बाईंना राजदरबार हवा होता, आणि पुलापलीकडे नवीन निघालेल्या कपडेवाल्याने त्यांना भेटून आपली सोनेरी बटणं दाखवलीही होती. एका कपड्याला भोक दिसलं असतं तरी बाई गेल्या असत्या. आणि बाई गेल्या तर दुकान गेलं. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणूनच तर तो एवढी काळजी घेतोय."

काळजी कशी घेतली ते ऐका. कपडेपटात ऊन येत नाही, कारण उन्हाने मखमल विटते, म्हणून ती खोली मुळातच अंधारी ठेवलेली. तिथे झाडं पिवळी पडायला लागली. झाडांना उजेड हवा म्हणून संशोधकाने मागच्या खिडक्या सताड उघडल्या. खिडक्यांतून मागचं गटार आणि गटारातले रहिवासी यांना आमच्या घराचा रस्ता कळला. मग झाडांना पाणी. कुंड्यांखालच्या बशा तुडुंब भरलेल्या, त्यात डासांची पोरं वळवळताहेत, आणि हा गवती चहाची पात चुरगाळून हुंगतोय. तरी झाडं काही बाळसं धरेनात. मग त्याने खत घातलं. कुठलं, ते मी विचारलं नाही. त्याला विचारलं की तासभर उत्तर मिळतं.

उंदीर फिरताहेत हे मला आवाजावरून कळत होतं. लेंड्याही सापडल्या. त्या हातात घेऊन दाखवल्या तर तो म्हणाला, "जुन्या आहेत." ताज्या होत्या, पण लेंडीचं वय ठरवण्यात माझी हयात गेली नसल्याने मी हरले. गुपचूप एक पिंजरा आणून लांडग्याच्या मागे लावला, तो त्याने शोधून काढला आणि ह्यांच्यापुढे नेऊन ठेवला. वहिनींचा प्रयोगावर विश्वास नाही म्हणून झाडांवर परिणाम होतोय, असं म्हणाला. माझ्या नवऱ्याने तो पिंजरा गच्चीवर नेला. त्या दिवशी मला दिराचा राग आला, पण नवऱ्याची शिसारी आली.

बाई आल्या. बरोबर कुणी नव्हतं, हातात फक्त छत्री. संशोधकाने दारातच त्यांना गाठून झेंडूचं माहात्म्य सांगितलं. बाई हसून हो हो करत आत आल्या. मी राजाचा झगा काढला. लाल मखमलीचा, बाह्यांना अस्तर, गळ्याला जरीची पट्टी. दुकानातला सगळ्यात भारी कपडा, मीच शिवलेला. बाईंनी बाही पुढे ओढली आणि उलटून पाहिली. अस्तर कुरतडून त्याचा मऊ भुगा केलेला होता आणि त्या भुग्यात उंदराची गुलाबी पिल्लं. डोळे न उघडलेली.

बाई ओरडल्या नाहीत. बाही हलकेच सोडून दिली, रुमालाने बोटं पुसली. म्हणाल्या, "मी पुलापलीकडे बघते यंदा." आणि माझ्याकडे न बघता गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी एकेक कुंडी दिव्याखाली ओढली. माती उकरलेली. पुदिन्याच्या कुंडीत तर बीळच, आत जायला एक आणि बाहेर यायला एक. आणि मातीत तपकिरी खडे. उचलून वास घेतला. शेंगदाण्याची पेंड. उंदरांना पळवायला आणलेल्या झाडांना ह्या विद्वानाने महिनाभर पेंड घातली होती. उंदरांनी आधी पेंड खाल्ली, मग तोंड बदलायला मुकुटांवरची खळ, आणि बाळंतपणाला राजाची बाही.

मी पेंडीचा खडा ह्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो हुंगला. मग भावाला विचारलं, "हे तू घातलंस?"

"नैसर्गिक खत आहे, दादा. माझ्या मते पुदिन्याचं प्रमाण कमी पडलं. अजून थोड्या कुंड्या..."

"कुंड्या बाहेर काढ," आमचे हे म्हणाले. आवाज चढवला नाही. पण इतक्या वर्षांत भावाला केलेली ही पहिली आज्ञा होती, आणि ती ऐकून संशोधक जवळची कुंडी उचलून दाराकडे निघाला. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

कुंड्या दुकानाच्या पायऱ्यांवर गेल्या. पिंजरे गच्चीवरून खाली आले. मी झगा उसवला, नवं अस्तर घातलं, मुकुट पुन्हा मढवले, सगळा कपडेपट उन्हात झटकला, पाला घातला, गोळ्या घातल्या. ह्यांनी खिडक्यांना जाळी ठोकली. आणि संशोधकाला मी एकच काम दिलं. रोज सकाळी पिंजऱ्यात सापडलेला उंदीर घराबाहेर न्यायचा.

"मी जीव मारणार नाही," तो म्हणाला.

"मारू नका. लांब सोडून या."

पिंजऱ्यावर पिशवी झाकून, मान तिरकी करून तो निघायचा. गल्लीतले विचारायचे, "काय संशोधक, पिशवीत काय?" तर म्हणायचा, "नमुने."

एका सकाळी मी दोरे आणायला पुलापलीकडे गेले होते. तिथल्या कपडेवाल्याच्या दुकानाला वळसा घालून दोऱ्यांच्या दुकानाकडे जाताना मागच्या बोळात मला ओळखीची पाठ दिसली. संशोधक उकिडवा बसला होता. पिंजऱ्याचं दार त्याने वर उचललं आणि आमचा उंदीर त्या दुकानाच्या मागच्या दाराखालच्या फटीतून आत गेला.

माझ्या मनात पहिल्यांदाच त्याच्याविषयी थोडा आदर आला. म्हटलं, चला, निदान कपट तरी जमतं. दुपारी मी सहज विचारलं, "भावोजी, उंदीर कुठे सोडता हो?"

"पुलापलीकडे. पाणी ओलांडून उंदीर परत येत नाही, हे मी निरीक्षणाने सिद्ध केलंय."

"पुलापलीकडे कुठे?"

"पूल संपला की लगेच एक बोळ आहे. तिथेच. पुढे कोण चालत जाणार, उन्हाचं."

म्हणजे कपटही नव्हतं. कपटाला थोडे कष्ट लागतात. तो बोळ कुणाच्या दुकानामागचा आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्याला न विचारता दुसऱ्यांदा आमटी वाढली.

आणि बाई आल्या. सरळ काउंटरपाशी येऊन छत्री टेकवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तिकडे प्रधानाच्या पगडीतून उंदीर निघाला, मुलं घाबरली, आता नाटक तोंडावर आलंय, तुमच्याकडे काय स्थिती आहे? मी कपडेपट उघडून दिला. बाईंनी प्रत्येक बाही उलटली, प्रत्येक खिसा चाचपला, मुकुटांच्या आत बोट फिरवलं. कुठे काही नव्हतं. माझ्या जिवात जीव येत होता, तेवढ्यात दाराशी संशोधक उगवला, पुदिन्याची कुंडी हातात घेऊन.

"बाई, त्यांच्याकडे होणारच. त्यांनी झाडं लावली नाहीत. आमच्या पायऱ्या बघा."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. लबाडी शोधली. डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात, कुठेतरी. नव्हती. रोज स्वतःच्या हाताने पिंजरा वाहून नेणारा हा माणूस मनापासून मानत होता की आमचे उंदीर पुदिन्याने पळवले.

बाई माझ्याकडे वळल्या. "खरंच उपयोग होतो का हो याचा? तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर मी नेईन."

काउंटरमागे माझा नवरा पावतीपुस्तकावरचं पेन थांबवून माझ्याकडे बघत होता. 'नाही' म्हटलं तर बाई पुढचं विचारणार, मग उंदीर गेले कुठे? आणि ते कुणाच्या दुकानात गेले हे फक्त मला माहीत होतं.

"होतो ना," मी म्हणाले. "भावोजींना त्यातलं फार कळतं."

संशोधकाने मान डोलावली. त्याला आश्चर्य अजिबात वाटलं नाही. बाईंनी सगळा राजदरबार नेला, आणि निघताना शाळेसाठी पुदिन्याच्या दोन कुंड्या मागितल्या. माती जड असते, त्यांना उचलवेना. त्या मी माझ्या हाताने उचलून त्यांच्या गाडीत ठेवल्या.