न्यूट्रलमधली खडखड

माझ्या धाकट्या भावाची गाडी गेली दोन वर्षं मी चालवते. चालवते म्हणजे तिच्याशी रोज भांडते. छावणीतल्या आमच्या घरापासून वाळूजच्या कंपनीपर्यंत जाऊन येईतो माझ्या डाव्या गुडघ्याची पार वाट लागायची, कारण त्या पठ्ठ्यानं गाडीत शर्यतीचा क्लच बसवून ठेवला होता. दिसायला ती साधी, चारचौघांसारखी लाल गाडी. पण इंजिन टर्बोचं आणि अंगात मस्ती. कंपनीनं दिलेला क्लच त्याला मिळमिळीत वाटला, म्हणून त्यानं पुण्याहून कडक क्लच मागवला आणि त्याच्या जोडीला हलकं फ्लायव्हील.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागं फिरणारी लोखंडी चकती. क्लच तिला घट्ट धरतो तेव्हा इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. चकती जड असली की गाडी शांत चालते, हलकी असली की ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला तरी इंजिन उसळतं. त्याला उसळायलाच हवं होतं. मला मात्र नगर नाक्याच्या गर्दीत गाडी बंद पडू नये एवढंच हवं होतं, आणि ती नेमकी तिथंच बंद पडायची. मागचे हॉर्न वाजवायचे, शेजारचे मोटारसायकलवाले आत डोकावायचे आणि बाई दिसली की त्यांना सगळं कळल्यासारखं व्हायचं. काच खाली करून मी त्यातल्या एकदोघांची यथासांग हजेरी घेतलेली आहे.

आणि तो आवाज. अशी हलक्या चकतीची गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहिली की गिअरबॉक्समधून खडखड येते, डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तशी. क्लच दाबला की थांबते, सोडला की पुन्हा सुरू. तो बिघाड नव्हे, त्या चकतीचा स्वभावच तसा. भाऊ संध्याकाळी गल्लीत वळायचा, गेटसमोर गाडी न्यूट्रलला टाकायचा आणि हॉर्न न वाजवता नुसता बसून राहायचा. ती खडखड ऐकून बाबा आतून गेट उघडायला निघायचे. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. फोनवर बोलता बोलता बाबा म्हणायचे, आला खटारा, ठेवतो आता. आणि खरंच ठेवून द्यायचे.

तो गेला तो काही गाडीत नाही. ऑफिसात, खुर्चीत बसल्या जागी, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून गेला. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती आणि त्या धावपळीत तिचा सगळ्यांना विसर पडला. काही दिवसांनी तिथल्या वॉचमनचा फोन आला तेव्हा मीच जाऊन ती आणली. सीट त्याच्या उंचीला मागं सरकवलेली होती. ती पुढं घ्यायचा धीर झाला नाही, म्हणून पाय ताणून ताणून, तीन ठिकाणी बंद पाडत, मी ती घरापर्यंत आणली. गेटसमोर न्यूट्रलला टाकली, हॉर्नकडं हात नेला, तोवर गेट उघडलं.

बाबा उभे होते. काचेवर संध्याकाळचं ऊन पडलेलं, त्यामुळं आत कोण बसलंय ते त्यांना दिसत नसावं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. दुसरा शब्द नाही. मग मी दार उघडून खाली उतरले आणि तो चेहरा विझला. ते मागं वळले, आणि चहा ठेवतो म्हणून आत निघून गेले.

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. ते वैजापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात भूत, आत्मा, पुनर्जन्म या मंडळींना पहिल्यापासून मज्जाव. विहारात एखाद्या शोकसभेत कुणी मृताच्या आत्म्याला शांती लाभो म्हणालं, की बाबा भर सभेत उठून सांगायचे, आपण बौद्ध, आपल्यात आत्मा मानत नाहीत, वाक्य दुरुस्त करा. पोटच्या मुलाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातसुद्धा त्यांनी एका वक्त्याला हेच ऐकवलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. माझा एक चुलतभाऊ म्हणाला, गाडी अपशकुनी आहे, विकून टाका. त्याला बाबांनी असं काही झापलं की तो न जेवता गेला. मास्तर खंबीर आहेत, असं लोक म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मी पुणं सोडून वाळूजला बदली मागून घेतली ती त्यांच्या जेवणाखाण्याची आबाळ होऊ नये म्हणून. त्यांच्या मनाची काळजी मला नव्हती.

पण खंबीर माणूस रोज संध्याकाळी गेटच्या कडीवर हात ठेवून उभा राहत नाही. मी यायचे, खडखड व्हायची आणि गेट उघडायचं. रोज तोच चेहरा, आणि मी उतरले की रोज तसाच विझलेला. या विषयावर आम्ही एकदाही बोललो नाही. दिवसभर कंपनीत मरमर करून घरी यावं आणि आपल्याच घरी आपल्या जागी दुसऱ्या कुणाचं स्वागत व्हावं, हे काय असतं ते मी कुणाला सांगू शकले नाही. मी उतरल्यामुळंच जणू तो आल्या पावली परत जायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. काही दिवस मी गल्लीत वळल्यापासून क्लच दाबून धरायचे, म्हणजे खडखड होणार नाही. पण तो क्लच इतका कडक, की गेटपर्यंत येईतो पाय थरथरायला लागायचा आणि आवाज निसटायचाच.

गाडीतही मी एकटी नसायचे. तो क्लच एकाच जागी, एकदम धरायचा. त्या जागेला पाय झटकन सुटला पाहिजे, भावाचा सुटायचा तसा. माझ्या पद्धतीनं हळूहळू सोडला की गाडी गचके देऊन बंद. म्हणजे ती नीट चालायची ती त्याच्यासारखी चालवली तरच. शिकले मी. आणि मग एक दिवस सिग्नलला थांबलेले असताना माझ्या लक्षात आलं, की गिअरच्या मुठीवर मी दोन बोटांनी टकटक करतेय. ती सवय त्याची. लहानपणापासून त्याची, माझी कधीच नव्हती. मागून हॉर्न वाजायला लागले तरी मला पहिला गिअर सापडेना.

यंदाच्या उन्हाळ्यात क्लच घसरायला लागला. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र जागची हलायची नाही, आणि आत जळका वास. गुरुवारी सकाळी गाडी गॅरेजला दिली. रेल्वे स्टेशनच्या एमआयडीसीत भावाचा एक ओळखीचा मेकॅनिक आहे, त्यानंच तो कडक क्लच बसवला होता. बोलका माणूस, एक काम विचारावं तर चार सांगतो. दुपारी त्यानं मला बोलावून घेतलं. गिअरबॉक्स उतरवलेला होता. क्लचप्लेट काळी पडलेली, घासून घासून पातळ झालेली, आणि चकतीवर तापून उमटलेले निळसर डाग. मी त्याला विचारलं, यातली झीज भावाची किती आणि माझी किती, हे कळतं का. तो हसणार होता, मग हसला नाही.

"ते कसं सांगणार, ताई," तो म्हणाला. "आधीचं त्यानं घासलं, नंतरचं तुम्ही. प्लेट एकच ना."

मग त्यानं पर्याय सांगितले. पहिला, होतं तेच पुन्हा. ते त्यानंच निकालात काढलं. ही गाडी रोज कामाला जायची-यायची, तिला शर्यतीचा क्लच म्हणजे गुडघ्याचा सत्यानाश, लई कडक असतो तो. दुसरा, कंपनीसारखं दोन थरांचं जड फ्लायव्हील, आत स्प्रिंगा असलेलं, आणि मऊ क्लच. स्प्रिंगा इंजिनाचे हिसके पोटात घेतात, त्यामुळं गाडी लोण्यासारखी चालते आणि न्यूट्रलला चिडीचूप. मी लगेच हो म्हणणार होते. पण त्याला बोलायची हौस. तो म्हणाला, मधला रस्ताही आहे. फ्लायव्हील पूर्वीसारखंच एकसंध, फक्त थोडं जड, आणि त्यावर मऊ क्लच. स्प्रिंगा नाहीत म्हणजे त्या पुढंमागं खराब होण्याची भानगड नाही. गुडघ्यालाही त्रास नाही. फक्त न्यूट्रलला खडखड तेवढी राहील, अगदी पहिल्यासारखी.

मला त्याचा राग आला. तोवर गुडघ्याचं बरं निमित्त होतं. कडक क्लच नको, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. आवाज गेला तर तो गुडघ्यासाठी गेला, असं मी स्वतःला समजावलं असतं. आता हा गडी मध्यम मार्ग दाखवत होता, तोही आम्हा बौद्धांना. आता आवाज ठेवायचा की घालवायचा, एवढाच प्रश्न उरला होता आणि तो मलाच सोडवायचा होता. उद्या सांगते म्हणून मी रिक्षानं घरी आले.

बाबा ओसरीत पेपर वाचत होते. गाडी गॅरेजला आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळं ते गेटपाशी नव्हते. माझ्याकडं पाहून त्यांनी पाणी घे म्हटलं, साधं, घरात येणाऱ्या मुलीला म्हणतात तसं. किती बरं वाटलं मला, हे सांगायलाही लाज वाटते. जेवताना मी त्यांच्यापुढं सगळे पर्याय मांडले. तिसऱ्यात आवाज तसाच राहतो, हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ताटाकडं बघून सांगितलं.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला आणि जडत्व समजावून सांगायला लागले. रिकामी वाटी ताटात फिरवून दाखवली, मग तीच डाळ घालून फिरवली. जड वस्तू फिरायला लागायला वेळ लावते आणि थांबायलाही. वर्गात उभे असल्यासारखे बोलत होते. मी वाट बघत राहिले. त्यांनी एकदा नुसतं म्हणावं, राहू दे आवाज, मी तिथल्या तिथं मेकॅनिकला फोन केला असता.

"आवाजाचं काय घेऊन बसलीस," ते शेवटी म्हणाले. "यंत्र हाये ते. तुला सोयीचं तेच टाक."

मी सोयीचं तेच टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगितलं, दोन थरांचं, चिडीचूपवालं. बाबांनीच सांगितलं, असं स्वतःला म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. मला तो चेहरा पुन्हा बघायचा नव्हता. मला माझ्या घरी मीच म्हणून यायचं होतं. सामान यायला चारपाच दिवस लागले, तेवढे दिवस मी रिक्षानं येत-जात राहिले आणि बाप-लेक अगदी सुखानं जेवलो. गाडी घ्यायला गेले तेव्हा मेकॅनिकनं रिवाजाप्रमाणं जुने पार्ट डिकीत ठेवले होते, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. मी ते काढायला लावले. भंगारात घाल म्हटलं.

गाडी खरोखर लोण्यासारखी चालत होती. क्लच पायाला लागतच नव्हता. नगर नाक्याला एकदाही बंद पडली नाही. माझी बोटं मांडीवर गप्प होती. शीळ घालावीशी वाटली मला, इतकी मी हलकी झाले होते. निघताना बाबांना फोन केला होता, गाडी घेऊन येतेय म्हणून.

गल्लीत वळले, गेटसमोर उभी केली, न्यूट्रलला टाकली. काही आवाज नाही. गेट बंद. हॉर्न वाजवायचा नाही असं मी ठरवलं होतं, का ते माहीत नाही. इंजिन तसंच चालू ठेवून उतरले आणि गेटमधला लहान दरवाजा ढकलून आत पाऊल टाकलं. बाबा दरवाजाच्या आतच उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हात कडीजवळ. बराच वेळ उभे असावेत, कारण दुसऱ्या हातानं त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता. मला बघून ते दचकले.

"रिक्षानं आलीस व्हय?" ते म्हणाले. "मग तो कुठं राहिला?"

मला वाटलं, मेकॅनिकला म्हणताहेत. तो गाडी सोडायला येणार होता, असं त्यांना वाटलं असेल. पण ते माझ्या खांद्यावरून, दाराच्या फटीतून रस्त्याकडं बघत होते, आणि चेहऱ्यावर ते सगळं होतं, रोज असायचं ते, आज अजून विझलेलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "तो नाही."

"ते काय मला माहीत नाय?" ते एकदम चिडून म्हणाले. "तू शिकवणार मला?"

मग त्यांनी मला बाजूला सारलं आणि बाहेर आले. गाडी समोरच उभी होती. इंजिन चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, वाकून कान दिला, मग आणखी वाकून दुसरा कान दिला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ते तसेच वाकलेले राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं, की ते रडताहेत, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"रोज येत होता गं माय," बाबा म्हणाले. "मागच्या बुधवारपर्यंत येत होता."