आत्या आणि कोंडातला खवल

वरंध घाट उतरला की एसटीच्या खिडकीतली हवा बदलते. पुण्याहून घालून आलेला स्वेटर मी महाड डेपोत काढला आणि पोलादपूरची गाडी धरली. आत्याकडे निघालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला, आणि ते पूर्ण झालं तिच्या घरी राहून. आता मुलगा मुंबईला आणि ती एकटी. आतोबा असताना रविवारी गरवायला (गळ टाकून मासे धरायला) जायचे. ते गेल्यापासून तिच्या चुलीवर नदीचा मासा शिजला नव्हता. तो एकदा तिला खाऊ घालावा, एवढ्याचसाठी मी रजा काढली होती.

पहिल्या दिवशी सावित्रीच्या कोंडावर (खोल डोहावर) एकटाच गेलो. पावसाळा सरून पाणी नितळ झालं होतं. नवशिक्याच्या साऱ्या चुका मी केल्या. उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो, तर माझी सावली थेट पाण्यात. बूट घालून खडकावर धपधप चाललो. गळ सारखा उचलून पाहिला. तळाशी दिसणारे खवल (मोठ्या खवल्यांचे मासे) एकेक करून सरकले आणि पाण्यात नुसतं आभाळ उरलं.

दुसऱ्या दिवशी अनवाणी जाऊन झाडाच्या सावलीत बसलो. मागोमाग आत्या भाकरी घेऊन आली आणि बोलायला लागली. गाईचं दुखणं, वाडीतली भांडणं, मुलाचा न येणारा फोन. कितीतरी महिन्यांचं साठलेलं असावं. बोलण्याच्या भरात हातातली काठी खडकावर आपटायची. पलीकडे कपडे धुणारी शेजारीण म्हणाली, "काकी, तुझं ऐकून खवल महाडच्या पुलाखाली पोचलं असतील."

आत्या हसली, पण काठी बाजूला ठेवून गप्प झाली. धुणं आटोपून शेजारीण गेली, मग कोंडावर काहीच आवाज उरला नाही. मी आत्याकडे पाहिलं. गुडघ्यांना मिठी मारून ती पाण्याकडे बघत होती. घरीही रोज अशीच बसत असणार.

बऱ्याच वेळाने एक खवल वर आला आणि गळाभोवती फिरू लागला. आत्याने मला डोळ्यांनीच खुणावलं.

मी मोठ्याने विचारलं, "आत्या, गाईचं काय सांगत होतीस?"

खवल झटक्यात वळला आणि खोलात गेला.

"येडा हायस काय रे? तोंडाशी आला होता तो."

"येईल परत. तू गाईचं सांग."

"आता नाय येत," ती म्हणाली. थोडा वेळ रागावून बसली, मग काठी उचलून सांगू लागली. ऊन उतरेपर्यंत सांगत होती. घरी येऊन आम्ही सुकटीचं कालवण आणि भात जेवलो.

सकाळी ती स्टँडवर सोडायला आली. गाडी हलली तरी खिडकीशी काहीतरी बोलत होती. इंजिनाच्या आवाजात शेवटचं मला ऐकू आलं नाही. घाट चढताना मनात येत होतं, आता कोंडावर सगळं शांत असेल, खवल निर्धास्त वर आले असतील. आणि वाडीत आत्याही गप्प बसली असेल.