चुंबकाशिवाय

पिकलेल्या केळ्यांचा वास आला की मला बुरहानपूरच्या कॉलेजातला एम.एस्सी.चा तो सेमिनार आठवतो. शाहपूरहून येणारी माझी मैत्रीण फळ्याजवळ सांगत होती, "अर्धवाहकाच्या अतिपातळ थरात चुंबक नसतानाही इलेक्ट्रॉनच्या दोन स्पिनांची ऊर्जा वेगळी होऊ शकते." सर हसले. "चुंबकाशिवाय? तुमच्या केळीच्या मळ्यात होत असेल!" सगळा वर्ग हसला. मग त्यांनी मला विचारलं, "तू बता, सही है क्या?" आदल्याच दिवशी आम्ही दोघींनी ते एकाच पुस्तकात वाचलं होतं; पण संशोधनासाठी कॉलेजातून एकीचंच नाव जाणार होतं. मी म्हणाले, "नाही, सर." ती माझ्याकडे बघतच राहिली. नाव माझं गेलं. आज माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिचंच वाक्य आहे, माझ्या नावाने.